हद्दीबाहेरचा हुकूम

वॉटफर्डच्या त्या घराच्या पुढच्या दारात पत्रं टाकायची एक पितळी झडप होती. पोस्टमन ती ढकलायचा तेव्हा ती दोनदा वाजायची, एकदा उघडताना आणि एकदा मिटताना. त्या हिवाळ्यात सकाळी तो आवाज आला की घरातली तिन्ही माणसं आपापल्या जागी थांबायची. काकूंचं लाटणं थांबायचं, काका वर्तमानपत्राचं पान अर्धवट उलटून तसेच बसायचे आणि मी जिन्यात उभा राहायचो. मग मीच खाली जाऊन पत्रं उचलायचो. कोणतं पत्र उघडायचं आणि कोणतं तसंच ड्रॉवरमध्ये टाकायचं हे मी सांगायचं, असं आमच्यात ठरलं होतं. ते कसं ठरलं आणि त्यापायी ते घर जायची वेळ कशी आली, ते मी इतकी वर्षं कुणाला नीट सांगितलेलं नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावी शाळा, जिल्ह्याच्या गावी बी.कॉम. आणि एलएल.बी., आणि मग शिष्यवृत्ती मिळाली म्हणून २००५ साली एका वर्षाच्या शिक्षणासाठी लंडनला. लंडनमधली भाडी परवडत नव्हती. गणपतीच्या एका कार्यक्रमात काकूंची ओळख झाली. त्यांनी माझं पातळ जाकीट चिमटीत धरून पाहिलं आणि विचारलं, राहतोस कुठे. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या मागच्या मोठ्या खोलीत राहायला गेलो. भाडं बाजारभावापेक्षा कमी, त्यात रात्रीचं जेवण, आणि काकांचा जुना ओव्हरकोट. शिक्षण संपल्यावर मला त्याच भागातल्या एका गोदामात कागदपत्रांचं काम मिळालं, संध्याकाळच्या पाळीचं, तेव्हाही मी तिथेच राहिलो. त्या दोघांचे उपकार मी कधी मोजले नाहीत, कारण मोजता आले नसते.

काका-काकू तीस वर्षांपूर्वी आलेले. काकू शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. काकांची फॅक्टरीतली नोकरी गेली तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले. स्कॉटलंडमध्ये, डंडीला, त्यांनी टेकअवेच्या दुकानांना लागणारे डबे, पिशव्या आणि कागदी रुमाल पुरवायचा धंदा सुरू केला. सोमवार ते शुक्रवार गोदामाच्या वरच्या खोलीत राहायचे आणि शनिवार-रविवार वॉटफर्डला यायचे. सात वर्षं धंदा चालला आणि मग एका वर्षात बुडाला. २००६ च्या उन्हाळ्यात तिथल्या शेरीफ कोर्टाने काकांना दिवाळखोर ठरवलं. तिकडे शेरीफ म्हणजे न्यायाधीश. काकू म्हणायच्या, "मला शेरीफ म्हटलं की घोड्यावरचा पिस्तूलवाला दिसतो. यांना त्याने बांधून कसं नाही नेलं." त्यांचा तो विनोद पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं. पुढे आलं नाही.

काकांच्या मालमत्तेचा ताबा कोर्टाने एका ट्रस्टीकडे दिला होता. तो डंडीचा एक अकाउंटंट. त्याचं पहिलं पत्र ऑक्टोबरमध्ये आलं. काकांनी ते दोन दिवस खिशात ठेवलं आणि मग एका रविवारी जेवणं झाल्यावर माझ्यापुढे ठेवलं. पत्रात लिहिलं होतं की काकांची सगळी मालमत्ता, ती कुठेही असो, आता ट्रस्टीकडे आली आहे. वॉटफर्डच्या या घरातला त्यांचा अर्धा हिस्साही त्यात आला. घर दोघांच्या नावावर होतं.

"वकीलसाहेब," काका म्हणाले. ते मला थट्टेने तसं म्हणायचे, पण त्या दिवशी थट्टा नव्हती. "स्कॉटलंडचं कोर्ट इथलं घर घेऊ शकतं का?"

मला माहीत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं. पण इंग्लंडमध्ये मला कायद्याचा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस होतं. आणि मला वाटलं, हे तर मला लहानपणापासून माहीत आहे.

माझे वडील, अण्णा, आमच्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. एकतीस वर्षं त्यांनी सायकलवर फिरून समन्स आणि नोटिसा बजावल्या. त्यांच्याबरोबर मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून अभ्यास केला आहे. दुसऱ्या जिल्ह्याच्या कोर्टाचा हुकूमनामा आमच्याकडे अंमलात आणायचा असेल तर त्या कोर्टाने तो रीतसर आमच्या कोर्टाकडे वर्ग करायचा, सोबत सर्टिफिकेट जोडायचं, मग इथे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल व्हायची. एखादा कागद कमी असला तर सगळं बाड परत जायचं आणि महिनेच्या महिने निघून जायचे. हद्दीबाहेरचा हुकूम आपोआप चालत नाही, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. आणि हे तर दोन जिल्हे नव्हते. स्कॉटलंडची कोर्टं वेगळी, कायदा वेगळा, आता पार्लमेंटही वेगळं.

शिवाय त्याच आठवड्यात एक प्रसंग घडला होता. काकांच्या पाकिटात स्कॉटलंडच्या एका बँकेने छापलेली पाच पौंडांची नोट उरली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ती उलटसुलट करून परत दिली होती, दुसरी असेल तर द्या म्हणून. मला ती आठवली.

"अहो काका," मी म्हणालो, "तिकडची नोट इथला दुकानदार घेत नाही. तिकडचा हुकूम इथलं कोर्ट कसं घेईल?"

काका हसले. कित्येक आठवड्यांनी हसले. काकूंनी मला आणखी भात वाढला. मी त्या हसण्यावर खूश होऊन आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पत्राला उत्तर देऊ नका, कारण उत्तर दिलं की त्यांचा अधिकार मान्य केल्यासारखं होतं. आणि कुणी कागद घेऊन आलं तर हातात घेऊ नका. डंडीच्या कोर्टाचं सर्टिफिकेट इथल्या कोर्टात येईपर्यंत काही होत नाही, आणि ते यायला वर्ष तरी लागेल.

दुसरं पत्र डिसेंबरच्या सुरुवातीला आलं. ते मी उघडलं. त्यात लिहिलं होतं की घराची किंमत ठरवून काकूंनी काकांचा हिस्सा विकत घ्यावा अशी ट्रस्टीची तयारी आहे, जानेवारीअखेर कळवावं. काकूंनी विचारलं, हे बरं नाही का. मी म्हणालो, हा सापळा आहे. ते पत्र पहिल्याबरोबर स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये गेलं, मेणबत्त्या, सेल आणि टेकअवेचे मेनू असायचे तिथे. जानेवारीत तिसरं आलं, जाडजूड. ते मी उघडलंही नाही.

भीती तेव्हा सुरू झाली होती, पण मी तिला नाव दिलं नव्हतं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचं माझं कार्ड अजून चालत होतं. कायद्याची पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर होती. तपासून पाहायला अर्धा तास लागला असता. मी दोनदा तिथे गेलो आणि दोन्ही वेळा पहिल्या मजल्यावर वर्तमानपत्रं वाचून परत आलो. माझं बरोबर असेल तर पाहायची गरज नाही, असं मी स्वतःला सांगायचो. चूक असेल तर काय, हे सांगायचो नाही.

काकूंची मुलगी रेडिंगला कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरी करायची. ती इथेच जन्मलेली. एका मैत्रिणीबरोबर तिथे फ्लॅट घ्यायचं तिचं चाललं होतं. ख्रिसमसला आली तेव्हा तिने ड्रॉवर उघडला आणि पत्रं पाहिली.

"दादा, आर यू शुअर?" तिने मला विचारलं. "इथे लेटर आला की रिप्लाय करायचा असतो. इग्नोर केला की वर्स होतं. माझा आई झोपत नाही, तुला माहीत आहे ना?"

मी तिला दरखास्त म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण ते इंडियात." मला राग आला. आता कळतं की तो राग नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास बेल वाजली. काकू शाळेत गेल्या होत्या. काकांना आठवडाभर खोकला झाला होता, ते वर पडून होते. मी दार उघडलं. पंचावन्न-साठीचा एक माणूस उभा होता. पावसाने खांदे भिजलेले, बुटांना चिखल, जाकिटाच्या आत प्लास्टिकचं फोल्डर. त्याने काकांचं पूर्ण नाव घेतलं, सावकाश, चुकू नये अशा बेताने, आणि विचारलं, ते घरी आहेत का.

"नाहीत," मी म्हणालो.

"कधी येतील?"

"माहीत नाही. ते इथे राहत नाहीत."

दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पहिल्यातूनच ते बाहेर आलं. आणि तेवढ्यात वरून काका खोकले. लांबलचक खोकला आणि शेवटी "अरे राम." त्या माणसाने एकदा वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तो रागावला नाही. दिवसातून अनेकदा हेच ऐकणाऱ्या माणसाची ती नजर होती, आणि ती मला नवी नव्हती.

अण्णा घरी येऊन पाय धुताना सांगायचे, कुणाकडे काय झालं ते. आतून कडी लावून घरात कोणी नाही म्हणणारे, कुत्रं सोडणारे, पोरांना दारात उभं करणारे. एकदा म्हणाले होते, "चुलीवर चहा उकळत होता आणि म्हणे घरात कोणी नाही. चहा आपला आपणच उकळत होता." आम्ही भावंडं हसायचो. आई विचारायची, तुम्हाला वाईट नाही वाटत. अण्णा म्हणायचे, किती घरांचं वाटून घेऊ. पाणी विचारलं तेवढी घरं ध्यानात राहतात.

मी दार लावून घेतलं. पाठ दाराला टेकवून उभा राहिलो. झडप उघडली, एक जाड पाकीट माझ्या पायाशी पडलं, झडप मिटली. बाजूच्या अरुंद काचेतून मला दिसलं, तो मनगटावरचं घड्याळ पाहून वहीत वेळ लिहीत होता. अण्णाही अशीच वेळ लिहायचे.

पाकीट उघडताना मला वाटत होतं, आत डंडीच्या कोर्टाचा कागद असेल. तो होता, पण तो मागे जोडलेला होता. वरच्या कागदावर शिक्का इथल्या, इंग्लंडच्या काउंटी कोर्टाचा होता. ट्रस्टीने घर विकायचा हुकूम मागितला होता आणि सुनावणीची तारीख एप्रिलमधली होती. मी सगळे कागद दोनदा चाळले. सर्टिफिकेट शोधत होतो. कुठेही नव्हतं. कुणाला त्याची गरजच पडली नव्हती.

फोनकार्डाचा नंबर तीनदा चुकला. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ झाली होती. अण्णांनी फोन उचलला. मी आधी उगाच तब्येत विचारली आणि मग म्हणालो, अण्णा, परक्या कोर्टाचा हुकूम सर्टिफिकेटशिवाय चालतो का. त्यांनी विचारलं, कुणावर हुकूम आहे. मग मी सगळं सांगितलं. दारातलं तेवढं गाळलं होतं, पण ते गप्प राहिले तेव्हा तेही सांगितलं. मला कार्डातली मिनिटं संपतील याची भीती वाटत होती आणि ते काय बोलतील याचीही.

"तिथला कायदा मला ठाऊक नाही," अण्णा म्हणाले. "तुलाही ठाऊक नव्हता. मग सांगितलास कशाला?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"एकतीस वर्षं नोटिसा वाटल्या. घेतली नाही म्हणून हुकूम थांबला, असं एक घर दाखव मला. आम्ही दाराला डकवायचो आणि पंचांच्या सह्या घ्यायचो. फरक एवढाच पडायचा, की आत काय लिहिलंय ते त्या माणसाला सगळ्यांत शेवटी कळायचं."

मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. त्यांनी सांगितलं, त्या माणसांना आजच्या आज सांग. आणि अर्ज कर. अर्ज साधा लिही, आणि चूक झाली असेल तर ती पहिल्या ओळीत लिही. साहेब लोक पहिली ओळ तरी वाचतात.

काकू तीनच्या आत घरी आल्या. अंगावरचा कोटही न काढता त्या खुर्चीवर बसल्या, कारण टेबलावर पत्रं मांडून मी बसलो होतो आणि काका समोर होते. मी सगळी पत्रं पहिल्यापासून मोठ्याने वाचली आणि मराठीत सांगितली, न उघडलेलं तिसरंसुद्धा. तिसऱ्यात जानेवारीअखेरची आठवण करून दिली होती आणि पुढे काय होईल तेही स्पष्ट लिहिलं होतं. जानेवारी संपून तीन आठवडे झाले होते. काका मिठाची बरणी गोल गोल फिरवत राहिले.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "आपण वेळेत उत्तर दिलं असतं, तर आजचा हा कागद आला नसता."

"नसता आला."

त्यांनी उठून कोट काढला. मी वाट पाहत होतो की त्या मला खोली सोडायला सांगतील. मनात मी माझ्या दोन बॅगा भरूनही ठेवल्या होत्या. गोदामातून परत आलो तेव्हा माझं ताट रोजच्यासारखं झाकून ठेवलेलं होतं, आणि ते पाहून मला जास्तच भीती वाटली. सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "डंडीला फोन तू करायचास. माझ्यासमोर."

फोनवर ट्रस्टीच्या ऑफिसमधली बाई होती. भराभर बोलत होती, मला दोनदा थांबवावं लागलं. तिने विचारलं, आपण कोण. मी म्हणालो, भाडेकरू. मग मला काही सांगता येणार नाही, त्यांना स्वतःला द्या, असं ती म्हणाली. काकांनी फोन घेतला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. कित्येक महिन्यांत मी त्यांना स्वतःचं नाव उच्चारताना ऐकलं नव्हतं. परवानगी देऊन त्यांनी फोन परत माझ्याकडे दिला. ती बाई कठोर नव्हती, गोडही नव्हती. कोर्टाचं काम सुरू झालं आहे, त्याचा खर्च आता वाढला आहे, पण सुनावणीआधी लेखी प्रस्ताव आणि कर्ज मिळेल असं बँकेचं पत्र आलं तर ट्रस्टी विचार करतील. काकू बाजूला उभ्या होत्या, ओट्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी धरून.

त्या दिवशी मी लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर गेलो. कलम सापडायला वीस मिनिटंही लागली नाहीत. या देशात न्यायव्यवस्था तीन आहेत, इंग्लंड-वेल्सची, स्कॉटलंडची आणि उत्तर आयर्लंडची. पण दिवाळखोरीच्या बाबतीत एका भागातल्या कोर्टाचा हुकूम दुसऱ्या भागात तिथल्याच कोर्टाने दिल्यासारखा चालवायचा, असं संसदेने वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. लगेच खाली एक पोटकलम होतं. दुसऱ्या भागातल्या मालमत्तेवर तसा हुकूम चालवलाच पाहिजे अशी सक्ती कोर्टावर नाही. मी ते पोटकलम वहीत उतरवून घेतलं आणि परतीच्या ट्रेनमध्ये एखादा ताईत धरावा तसं धरून बसलो.

गुरुवारी टाउन सेंटरमध्ये मोफत सल्ला मिळायचा. तिथे एक म्हाताऱ्या बाई होत्या, आयुष्यभर वकिली करून निवृत्त झालेल्या. मी त्यांना माझं पोटकलम दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. त्या म्हणाल्या, सक्ती नाही म्हणजे मनाई आहे असं नाही. आणि ट्रस्टी इथे डंडीचा हुकूम चालवा म्हणून आलेलाच नाही. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणे या माणसाचा हिस्सा कुठेही असला तरी ट्रस्टीचा झाला आहे, आणि इथलं कोर्ट ते मानतं. तो अर्ध्या घराचा धनी म्हणून आला आहे. मी वही मिटली. त्यांनी मला विचारलं, उत्तर देऊ नका हे कुणी सांगितलं. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हणालो, मी.

प्रस्तावाचं पत्र आम्ही तिथेच, बाईंच्या टेबलावर लिहिलं. पत्र काकूंच्या नावाने होतं. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या ओळीत मी चूक लिहायला घेतली. बाई म्हणाल्या, याची कायद्याने काही गरज नाही. मी काकूंना ते मराठीत सांगितलं.

"राहू दे ती ओळ," काकू म्हणाल्या. "लिही, आमच्या घरातल्या माणसाने चांगल्या मनाने सल्ला दिला होता, तो चुकला, म्हणून उत्तर दिलं नाही."

मी तसं लिहिलं. लिहिताना मान वर केली नाही.

एप्रिलपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. झडप वाजली की मी लगेच खाली जायचो, आणि आता प्रत्येक पत्र त्याच सकाळी उघडलं जायचं. एकट्या काकूंच्या पगारावर बँक कर्ज देईना. मार्चच्या शेवटी मुलगी रेडिंगहून आली आणि म्हणाली की मॉर्गेजवर आपलं नाव घालायचं. फ्लॅट? काकूंनी विचारलं. मैत्रीण दुसऱ्या कुणाबरोबर घेईल, ती म्हणाली. मला ती फक्त एकदा म्हणाली, "दादा, आय टोल्ड यू." पुन्हा कधी नाही.

सुनावणीची खोली लहान होती. कुणी गाऊन घातला नव्हता, एक लांब टेबल आणि पाण्याचा जग. मी काकूंच्या मागे बसलो होतो. न्यायाधीशांनी फाइल चाळली. डंडीच्या कोर्टाचा हुकूम त्यांच्या हातात आला तेव्हा मी नीट पाहत होतो. त्यांनी तो वाचला, उलटला आणि खाली ठेवला, आपल्याच ऑफिसातला एखादा कागद ठेवावा तसा. सर्टिफिकेट मागितलं नाही. ट्रस्टीच्या वकिलाने सांगितलं की प्रस्ताव आला आहे, बँकेचं पत्रही आहे, दोन्ही बाजूंना तीन महिने हवे आहेत. न्यायाधीशांनी तीन महिने दिले. दहा मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आल्यावर काका म्हणाले, मला जरा बसू दे, आणि पायरीवरच बसले.

जुलैमध्ये काकांचा हिस्सा काकूंच्या आणि मुलीच्या नावावर झाला. घर राहिलं. कोर्टाचा जो जास्तीचा खर्च अंगावर पडला तो वेळेत उत्तर दिलं असतं तर पडला नसता. तो भरून काढायला काकूंनी माझी मोठी खोली दोन विद्यार्थिनींना दिली. मी पुढच्या बाजूच्या, जेमतेम पलंग मावेल अशा खोलीत आलो. भाडं पहिल्याइतकंच ठेवा, असा हट्ट मी धरला. काकू नको म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं आणि समोर तोच माणूस उभा होता. तेच जाकीट, तेच फोल्डर. घर वाचलं होतं, कोर्टाचं काम संपलं होतं, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी दार अर्धंच उघडं धरलं. त्याने विचारलं, शेजारच्या घरातली माणसं दिवसा असतात का. त्याला काम तिथे होतं. मी म्हणालो, मला खरंच माहीत नाही. तो बरं म्हणाला. मग मी विचारलं, पाणी हवं का. त्याला जरा नवल वाटलेलं दिसलं. नको, अजून पाच घरं आहेत, तो म्हणाला आणि वळला. फाटकापाशी पोचल्यावर त्याने मागे वळून वरच्या खिडकीकडे पाहिलं.

"त्या गृहस्थांचा खोकला बरा आहे का आता?"

"बरा आहे," मी म्हणालो. "घरीच आहेत ते."